खापर, कारण आणि जबाबदारी



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्याकडे याच शाळेत मराठी आणि संस्कृत शिकण्याचे भाग्य मला लाभले. त्यांच्या नावाने होणारे व्याख्यान देण्यासाठी मंडळाने मला बोलावले, हा मी माझा मोठाच सन्मान समजतो. मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने अशा प्रसंगी संतवाङ्मयावर किंवा बृहन्महाराष्ट्रातील मराठीच्या भवितव्यावर बोलावे, अशी एक रूढी आहे. त्या दोन्ही विषयांवर मी पूर्वी पुष्कळ बोललो आहे, आणि आपण ते सोशिकपणे ऐकलेही आहे. आज मात्र एक निराळा विषय घेऊन उभा आहे. खासगी जेट विमानाचा प्राणघातक अपघात झाला, की त्यामागून दाव्यांची आणि दोषारोपांची जी रांग लागते, तिच्याविषयी मला काही सांगायचे आहे.

मी वैमानिक नाही आणि वकीलही नाही. शब्दांचा अभ्यास हा माझा व्यवसाय. परंतु अपघातानंतर माणसे जे शब्द वापरतात, त्यांतच पुढच्या सगळ्या घोटाळ्याचे बीज असते, असे मला दिसून आले आहे. म्हणून हा विषय माझ्या कक्षेबाहेरचा आहे असे मला वाटत नाही. आणि ग्वाल्हेरकरांच्या कक्षेबाहेरचा तर तो नाहीच नाही. ३० सप्टेंबर २००१ रोजी कानपूरच्या सभेला निघालेले माधवराव शिंदे यांचे विमान उत्तर प्रदेशात मैनपुरीजवळ कोसळले आणि विमानातील आठही जण मृत्यू पावले. ते जेट नव्हते, पंख्याच्या इंजिनांचे किंग एअर जातीचे छोटे खासगी विमान होते. त्या संध्याकाळी महाराज बाड्यावर जमलेल्या माणसांच्या तोंडी पहिला शब्द ‘कसे?’ हा होता. रात्र पडेपर्यंत ‘कसे?’ मागे पडून ‘कोणी?’ हा शब्द पुढे आला होता. वैमानिकाने, हवामान सांगणाऱ्याने, विमान देणाऱ्याने, की आणखी कोणी? वस्तुतः त्या क्षणी कोणालाच काही ठाऊक नव्हते. ‘कसे’पासून ‘कोणी’पर्यंतचा हा प्रवास माणसाचे मन इतक्या वेगाने का करते, हा माझ्या आजच्या विवेचनाचा आरंभबिंदू आहे.

आपल्या भाषेत या प्रदेशातले शब्द विपुल आहेत. चूक, दोष, अपराध, गुन्हा, कसूर, हलगर्जीपणा, कारण, निमित्त, जबाबदारी. कोशात हे शेजारी शेजारी नांदतात, पण त्यांची कुळे वेगळी आहेत. चूक अनवधानाने होते. हलगर्जीपणा सवयीने होतो. गुन्ह्याला कायदा लागतो. कारणाला तर माणूसच लागतो असे नाही. पाऊस हे कारण असू शकते, झिजलेला खिळा हे कारण असू शकते. ‘निमित्त’ हा शब्द आणखी सूक्ष्म आहे. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, तर कावळा हे फक्त निमित्त. फांदी आतून किडलेली होती, हे कारण. आणि या सगळ्यांच्या शेवटी एक खास मराठी वाक्प्रचार उभा असतो, तो म्हणजे ‘खापर फोडणे’. खापर फोडायला कारण शोधावे लागत नाही. एक माथे मिळाले की पुरते.

आता एक प्रत्यक्ष घटना घेऊ. ३१ मे २०१४ रोजी रात्री, अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात बेडफर्ड येथील हॅन्सकॉम विमानतळावरून गल्फस्ट्रीम कंपनीचे एक खासगी जेट अटलांटिक सिटीकडे निघाले. विमानात सात माणसे होती. दोन वैमानिक, एक सेविका आणि चार प्रवासी. प्रवाशांमध्ये ‘फिलाडेल्फिया इन्क्वायरर’ या वृत्तपत्राचे सहमालक लुईस काट्झ होते. त्या वृत्तपत्राची मालकी त्यांनी व त्यांच्या भागीदाराने अवघ्या चार दिवसांपूर्वी लिलावात मिळवली होती. धावपट्टी सात हजार फुटांची. विमान धावू लागले, ताशी सुमारे ३०० किलोमीटर वेगापर्यंत गेले, पण जमीन सोडेना. धावपट्टी संपली, विमान गवतावरून घसरत एका ओढ्याच्या घळीत जाऊन पडले आणि पेटले. सातही जण गेले.

विमान जमीन का सोडीना? उभ्या विमानाच्या पंखांवरील आणि शेपटीवरील हलणारे भाग सोसाट्याच्या वाऱ्याने आपटून मोडू नयेत, म्हणून त्यांना जखडून ठेवणारी एक कळ असते. तिला ‘गस्ट लॉक’ म्हणतात. आपण बैलगाडी उभी केली की चाकाला दगड लावतो, तसा हा प्रकार. इंजिन सुरू करण्यापूर्वी ही कळ काढायची, आणि मग उड्डाणापूर्वी सुकाणू सर्व बाजूंना पूर्ण फिरवून पाहायचे, असा क्रम कामांच्या यादीत छापलेला असतो. त्या रात्री कळ काढलेली नव्हती आणि सुकाणूही फिरवून पाहिले गेले नव्हते. वैमानिकांचे बोलणे टिपणाऱ्या यंत्रात यादी वाचल्याचे शब्द नाहीत. आहेत ते धावपट्टीवर वेग घेतल्यानंतरचे, कळ लागलेली आहे असे पुन्हा पुन्हा सांगणारे शब्द.

मित्रहो, आता सांगा, दोष कोणाचा? सभागृहातील बहुतेकांनी मनात उत्तर दिलेही असेल. वैमानिकांचा. ते उत्तर चुकीचे नाही. पण तेथेच थांबले तर काय राहून जाते, ते पाहू.

अमेरिकेत अशा अपघातांची चौकशी राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळ करते. त्या मंडळाने सप्टेंबर २०१५ मध्ये निष्कर्ष दिला. वैमानिकांनी सुकाणूची तपासणी केली नाही, कळ लागलेली असताना उड्डाणाचा प्रयत्न केला आणि बिघाड लक्षात आल्यावरही थांबायला उशीर केला, हे त्याने स्पष्ट शब्दांत लिहिले. पण चौकशी अधिकारी तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी विमानातील नोंदयंत्रातून मागची १७५ उड्डाणे काढली. त्यांपैकी सुकाणूची पूर्ण तपासणी केवळ दोन उड्डाणांपूर्वी झालेली आढळली. म्हणजे त्या रात्रीची चूक त्या रात्रीची नव्हतीच. ती वर्षानुवर्षे होत आलेली सवय होती, आणि १७३ वेळा तिने कोणालाही इजा केली नव्हती. दोघे वैमानिक अननुभवी असते तर गोष्ट सोपी झाली असती. पण ते हजारो तासांचा अनुभव असलेले होते आणि सुमारे बारा वर्षे एकमेकांबरोबर उडत होते. परस्परांवरचा पूर्ण विश्वास ही जोडगोळीची सर्वांत मोठी ठेव. तीच येथे घातक ठरली. आपल्या जोडीदाराने पाहिलेच असेल, असे दोघांनाही वाटत राहिले असावे.

पुढची गोष्ट याहून बोलकी आहे. ही कळ लागलेली असताना इंजिनाची शक्ती वाढवणारा दांडा जवळजवळ हलूच नये, अशी योजना विमानाच्या रचनेत अभिप्रेत होती. म्हणजे वैमानिक विसरला तरी यंत्राने त्याला अडवावे. चौकशीत त्या जातीची विमाने तपासली, तेव्हा तो दांडा ठरलेल्या मर्यादेच्या तिप्पट ते चौपट हलतो असे दिसले. ही योजना प्रत्यक्ष चालते की नाही, हे निर्मात्या कंपनीने नीट पाहिले नव्हते. आणि विमानाला मान्यता देणाऱ्या सरकारी खात्याने आराखड्याचे कागद पाहून ती मान्य केली होती. मंडळाने या दोघांचीही नावे अपघातास हातभार लावणाऱ्या घटकांत घातली. नंतर, २०१६ मध्ये, अमेरिकेतील व्यावसायिक विमान वापरणाऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेने एक लाख त्रेचाळीस हजारांहून अधिक उड्डाणांच्या नोंदी तपासल्या. सुमारे १८ टक्के उड्डाणांपूर्वी सुकाणूची पूर्ण तपासणी झालेली नव्हती. म्हणजे बेडफर्डच्या ओढ्यात जे सापडले, ते दोन माणसांचे दुर्गुण नव्हते. एका अख्ख्या व्यवसायाला जडलेली खोड होती.

आता दाव्यांकडे वळू. मृतांच्या नातलगांनी न्यायालयाचे दार ठोठावले, आणि विमान बनवणाऱ्यांपासून ते चालवणाऱ्यांपर्यंत अनेकांना प्रतिवादी केले. येथे एक चमत्कारिक गुंता आहे. विमानाची सहमालकी स्वतः काट्झ यांचीच होती. म्हणजे वैमानिक ज्या व्यवस्थेत काम करीत होते, ती व्यवस्था मृत प्रवाशांपैकीच एकाची होती. आपल्याकडे कोणी पटकन म्हणेल, “मग कोणावर दावा आणि कशाचा दावा?” परंतु कायद्याला असे एका शब्दात उत्तर देता येत नाही. तो विचारतो, कोणाचे कोणते कर्तव्य होते, ते पाळले गेले का, आणि न पाळल्यामुळे ही हानी झाली का? अमेरिकेतील बऱ्याच राज्यांत पंच दोषाची टक्क्यांनी वाटणी करतात. इतके टक्के कंपनी, इतके टक्के चालक, इतके टक्के आणखी कोणी. मृत्यूचा असा हिशेब ऐकून आपल्या मनाला कसेसेच होते. परंतु संपूर्ण खापर एकाच माथी फोडण्यापेक्षा ही वाटणी पुष्कळ प्रामाणिक आहे, असे मी म्हणेन.

खासगी विमानाच्या बाबतीत दोषाची ही ओढाताण अधिक तीव्र होते, त्यालाही कारण आहे. आपण तिकीट काढून परदेशी जातो, तेव्हा १९९९ चा मॉन्ट्रियल करार आपल्या पाठीशी असतो. अपघात झाला, तर ठराविक रकमेपर्यंत विमान कंपनीचा दोष सिद्ध न करताच भरपाई मिळते. भारतानेही हा करार २००९ मध्ये स्वीकारला. पण एखाद्या उद्योगपतीने आपल्या विमानातून चार स्नेह्यांना देशातल्या देशात नेले, तर तेथे तिकीट नाही आणि हा करारही नाही. तेथे सामान्यतः कोणाचा तरी निष्काळजीपणा सिद्ध केल्याखेरीज विधवेच्या हाती काही पडत नाही. म्हणजे दोष शोधणे ही तेथे नातलगांची सूडबुद्धी नसते. कायद्याने त्यांच्यापुढे ठेवलेली ती एकच वाट असते. वृत्तपत्रांत दाव्याचा मोठा आकडा वाचून “पैशासाठी चालले आहे सगळे” असे म्हणणाऱ्यांनी एवढे ध्यानी घ्यावे.

या वाटेने गेल्यावर सत्य हाती लागतेच असे मात्र नाही. २५ ऑक्टोबर १९९९ रोजी प्रसिद्ध गोल्फपटू पेन स्टुअर्ट यांना घेऊन निघालेले लिअरजेट विमान फ्लोरिडातील ऑर्लँडोहून डॅलसला जायचे होते. उड्डाणानंतर थोड्याच वेळात आतला हवेचा दाब गेला. विमानातील सहाही जण प्राणवायूअभावी शुद्ध हरपून बसले आणि विमान कोणीही न चालवता सुमारे चार तास उडत राहिले. पाठवलेल्या लढाऊ विमानांतील वैमानिकांना त्याच्या काचा आतून गोठल्यासारख्या दिसल्या. अखेर इंधन संपून ते साउथ डकोटा राज्यातील शेतात कोसळले. दाब का गेला, याचे निश्चित उत्तर चौकशी मंडळालाही देता आले नाही. अवशेषांत तेवढा पुरावाच उरला नव्हता. नातलगांनी निर्मात्या कंपनीवर दावा लावला. रचनेत दोष होता, असे त्यांचे म्हणणे. देखभाल नीट झाली नव्हती, असा कंपनीचा बचाव. जून २००५ मध्ये ऑर्लँडो येथील पंचांनी कंपनी जबाबदार नाही असा निर्णय दिला. जे चौकशीला सापडले नाही ते खटल्यालाही सापडले नाही. न्यायालयाने ‘कोणी नाही’ असे सांगितले नाही. ‘यांनी केले असे सिद्ध झाले नाही’ एवढेच सांगितले. या दोन वाक्यांतील अंतर शोकाकुल माणसाला किती दुःसह होत असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

आतापर्यंत दिवाणी दाव्यांचा विचार केला. फौजदारी खटल्याची गोष्ट आणखी वेगळी आहे, आणि त्याचे उदाहरण ब्राझीलमध्ये आहे. २९ सप्टेंबर २००६ रोजी एक अमेरिकन कंपनी ब्राझीलमध्ये विकत घेतलेले नवे लेगसी जेट मायदेशी नेत होती. ॲमेझॉनच्या अरण्यावर, ३७ हजार फूट उंचीवर, ते समोरून येणाऱ्या गोल कंपनीच्या बोइंग विमानाला घासले. छोट्या जेटच्या पंखाच्या टोकाने मोठ्या विमानाचा पंख कापला गेला. बोइंगमधील १५४ माणसे मृत्यू पावली. छोटे जेट मात्र अरण्यातील एका लष्करी तळावर उतरले आणि त्यातील सातही जण वाचले.

जिवंत राहिलेला माणूस हा खापर फोडायला सर्वांत सोयीचा असतो. दोन्ही अमेरिकन वैमानिकांची पारपत्रे ठेवून घेण्यात आली आणि दोन महिन्यांहून अधिक काळ त्यांना देश सोडता आला नाही. विमानाची उंची आणि ओळख कळवणारे त्यांचे यंत्र टक्करीपूर्वी बराच वेळ संदेश देत नव्हते, आणि त्यांच्या ते लक्षात आले नव्हते, ही गोष्ट खरी. पण त्या यंत्राचे संदेश बंद झाल्याचे जमिनीवरील नियंत्रकांना दिसू शकत होते, आणि दोन विमाने एकाच मार्गावर एकाच उंचीवर समोरासमोर येत आहेत हे त्यांनी ओळखले नाही, हीही गोष्ट तितकीच खरी. ब्राझीलच्या चौकशी संस्थेने वैमानिक व नियंत्रक या दोहोंच्या उणिवा मांडल्या. अमेरिकन मंडळाने नियंत्रणव्यवस्थेच्या दोषांवर भर दिला. एकच आकाश, एकच टक्कर, आणि दोन देशांचे दोन भर. पुढे २०११ मध्ये ब्राझीलच्या न्यायालयाने वैमानिकांना त्यांच्या गैरहजेरीत दोषी ठरवले, आणि नियंत्रकांनाही शिक्षा झाल्या. दरम्यान तेथील नियंत्रक, जे बहुतांशी लष्करी सेवेत होते, इतके बिथरले की मार्च २००७ मध्ये अनेकांनी काम थांबवले आणि देशातील विमानसेवा कोलमडली. उद्या आपली चूक कबूल केली तर तुरुंग आहे, असे ज्या माणसाला वाटते, तो माणूस चूक सांगत नाही. आणि जी चूक सांगितली जात नाही, ती दुसऱ्या कोणाच्या तरी हातून पुन्हा होते.

हे ओळखूनच आंतरराष्ट्रीय विमानवाहतूक संघटनेने १९५१ पासून चालत आलेल्या आपल्या तेराव्या परिशिष्टात एक तत्त्व घातले आहे. अपघाताच्या चौकशीचा हेतू पुढील अपघात टाळणे हाच असेल; दोष किंवा दायित्व ठरवणे हा नसेल. भारताने २०१२ मध्ये अपघात चौकशीसाठी स्वतंत्र विभाग स्थापन केला, तेव्हाच्या आणि पुढे २०१७ च्या नियमांतही हेच तत्त्व लिहिले. अमेरिकेत तर चौकशी मंडळाचा निष्कर्ष भरपाईच्या दाव्यात पुरावा म्हणून वापरता येत नाही, असा कायदाच आहे. पहिल्यांदा हे वाचले, तेव्हा मला नवल वाटले. सत्य शोधायचे आणि न्यायालयापासून दूर ठेवायचे, हा कुठला न्याय? परंतु विचार केल्यावर त्यातील शहाणपण दिसते. आपण बोललेला प्रत्येक शब्द उद्या आपल्यावर उलटेल, असे भय नसेल, तरच कारखान्यातला कारागीर, वैमानिक, नियंत्रक खरे बोलेल.

म्हणजे अपघातानंतर तीन निरनिराळे प्रश्न असतात. काय झाले आणि पुन्हा कसे टळेल, हा चौकशीचा प्रश्न. ज्यांचे गेले त्यांची भरपाई कोणी करावी, हा दिवाणी दाव्याचा प्रश्न. कोणाला शिक्षा व्हावी इतका दोष कोणाचा आहे का, हा फौजदारी खटल्याचा प्रश्न. आपल्या भारतीय न्याय संहितेत, जी जुलै २०२४ पासून लागू झाली, निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा सांगितली आहे. पूर्वी ती दोन वर्षांपर्यंत होती. शिक्षा वाढवण्याला माझा सरसकट विरोध नाही. मात्र हे तीन प्रश्न एकाच संध्याकाळी, एकाच दमात, बाड्यावरच्या गर्दीने किंवा दूरचित्रवाणीवरच्या चर्चेने सोडवले, की तिन्हींची उत्तरे चुकतात. मेलेला वैमानिक उत्तर देऊ शकत नाही. त्याची मुले दुसऱ्या दिवशी शाळेत जातात, आणि वर्गातल्या बाकांवर त्यांच्या बापाचा निकाल लागलेला असतो. शिक्षकांनी हे विशेष ध्यानात ठेवावे, अशी माझी विनंती आहे.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाही तर मी कंपन्यांचा वकील ठरेन. दावे होतात म्हणूनच पुष्कळ गोष्टी उजेडात येतात. कंपनीची जुनी पत्रे, अंतर्गत इशारे, चाचणीच्या नोंदी या न्यायालयाच्या आज्ञेने बाहेर पडतात. याउलट, दाव्यांचा भार असह्य झाला म्हणून उद्योग बसल्याचेही उदाहरण आहे. सेस्ना कंपनीने १९८६ मध्ये आपल्या छोट्या, एक इंजिनाच्या विमानांचे उत्पादन थांबवले. १९९४ मध्ये अमेरिकन संसदेने असा कायदा केला, की वीसपेक्षा कमी आसनांच्या, नियमित प्रवासी सेवेत नसलेल्या विमानाला अठरा वर्षे झाल्यावर सामान्यतः निर्मात्यावर दावा लावता येऊ नये. त्यानंतर ते उत्पादन पुन्हा सुरू झाले. उद्योग जगला. पण एकोणीस वर्षे जुन्या विमानात मेलेल्याच्या घरच्यांना निर्मात्याकडे जाब मागण्याचे दार बहुधा बंद झाले. कायदा तराजूच असतो. एक पारडे उचलले की दुसरे खाली जाते.

‘जाब’ हा शब्द आत्ता सहज आला, आणि तो मला माझ्या मुख्य मुद्द्याकडे घेऊन जातो. ‘जबाबदारी’ हा शब्द आपण फारसीतून घेतला आणि इतका आपला केला, की त्याच्या पोटात ‘जबाब’, म्हणजे उत्तर, आहे हे आपण विसरलो. जबाबदार म्हणजे उत्तर देण्यास बांधलेला. दोषी आणि जबाबदार हे समानार्थी शब्द नव्हेत. दोष अपघातानंतर ठरतो. जबाबदारी अपघातापूर्वी घेतली जाते, आणि ती घेतली गेली नाही म्हणून पुष्कळदा अपघात होतो. बेडफर्डच्या प्रकरणात वैमानिक, निर्माते, मान्यता देणारे खाते या सर्वांच्या वाट्याला नंतर थोडाथोडा दोष आला. पण आधी, त्या १७३ वेळांपैकी एकदा तरी, “थांबा, तपासणी झालेली नाही” असे म्हणणारा एक माणूस असता, तर कोणालाही न्यायालयाची पायरी चढावी लागली नसती. त्या माणसाचे नाव कोणत्याही अहवालात आले नसते. ज्याने अपघात टाळला त्याला अपघात दाखवता येत नाही, आणि म्हणून त्याचा सत्कारही होत नाही.

येथे मला गुरुजींची एक सवय आठवते. शाळेची सहल तिघऱ्याला किंवा किल्ल्यावर गेली, की प्रत्येक मुक्कामावरून निघताना ते प्रत्येक मुलाचे नाव घेऊन हजेरी घेत. जाताना, चढताना, उतरताना, परतताना. वर्गातले चेहरे त्यांना पाठ होते. नुसती नजर फिरवली असती तरी चालले असते. आम्ही मुले कंटाळून हसत असू. एकाने धीर करून विचारले, “गुरुजी, आता तर मोजले होते ना?” ते म्हणाले, “तेव्हाचे तेव्हा मोजले. आत्ताचे आत्ता मोजायला हवे.” त्यांच्या साऱ्या कारकिर्दीत सहलीत मूल हरवल्याची एकही गोष्ट नाही, आणि गोष्ट नाही, म्हणूनच ती सांगायला आज मला इतक्या वर्षांनी व्याख्यान द्यावे लागत आहे.

माजी विद्यार्थी मित्रहो, आपल्यापैकी कोणी अभियंते आहेत, कोणी डॉक्टर, कोणी सरकारी अधिकारी, कोणी वकील. आपल्यापुढे रोज एक ना एक यादी येते आणि तिच्याखाली सही करण्याची जागा असते. पुलाची तपासणी झाली, औषधाची मात्रा पाहिली, विजेची जोडणी बघितली, बस चालवण्यायोग्य आहे. शंभर वेळा न पाहता सही केली तरी काही बिघडत नाही, हाच या सहीतला धोका. न बिघडण्याची सवय झाली, की माणूस नशिबालाच व्यवस्था समजू लागतो. आणि तुमच्यापैकी जे वकील किंवा पत्रकार आहेत, त्यांना एवढेच सांगतो, की ‘कोणी?’ हा प्रश्न जरूर विचारा, पण ‘कसे?’ या प्रश्नाचे उत्तर येण्याइतकी वाट पाहा. ज्यांचे माणूस गेले आहे, त्यांना भरपाई मिळालीच पाहिजे. पण ती हाती पडल्यावरही त्यांच्या मनात एक प्रश्न उरतो, ‘दुसऱ्या कोणाच्या घरी हे पुन्हा होणार नाही ना?’ खापर फोडून त्या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. ते कारण शोधून आणि जबाबदारी घेऊनच द्यावे लागते.

वयाच्या या टप्प्यावर मला ज्या शाळेने शब्द दिले, त्याच शाळेत ते शब्द पारखून पाहण्याची संधी मंडळाने दिली, याबद्दल मी ऋणी आहे.